टर्बो बदललाच नाही, पैसे मात्र घेतले

टर्बोवाली (म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा असलेली) डिझेल गाडी ओढेनाशी झाली आणि गॅरेजवाला स्कॅनर लावून लगेच "टर्बो गेलाय" म्हणाला, तर होकार देण्याआधी हे वाचा. माझे ४२ हजार रुपये गेले.

दिवाळीनंतर आईला घेऊन वाईला निघालो होतो. खंबाटकी घाट निम्मा चढलो आणि गाडीतला जीवच गेला. अॅक्सिलरेटर तळाला टेकला तरी दुसऱ्या गिअरमध्ये रडतखडत चढत होती. इंजिनाचा दिवा लागलेला, मागे काळा धूर, त्यामागे हॉर्न मारणारे ट्रक. आई शेजारी डोळे मिटून बसली होती. वर पोचून गाडी बंद केली, पाच मिनिटांनी सुरू केली, तर काही झालंच नाही अशी चालली.

पुण्यात आल्यावर घराजवळच्या गॅरेजमध्ये दाखवली. पी०२९९ हा कोड निघाला. त्याचा अर्थ एवढाच, की इंजिनाच्या कॉम्प्युटरने हवेचा जेवढा दाब मागितला तेवढा मिळाला नाही. का मिळाला नाही, हे तो कोड सांगत नाही. पाईप फाटलेला असेल, क्लॅम्प सैल असेल, टर्बोवर ताबा ठेवणारी व्हॅक्यूमची बारीक नळी चिरली असेल, ईजीआर (जळलेला धूर थोडा परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) उघडा अडकला असेल, नाहीतर टर्बोच खराब असेल. हे मला आज माहीत आहे. तेव्हा नव्हतं.

तिथल्या माणसाने टर्बोच्या तोंडावरचा पाईप काढला आणि मला जवळ बोलावलं. आत बोट घालून मधला नट हलवून दाखवला. "बघा काका, हलतोय. बेअरिंग संपलं." मग पाईपच्या आतून बोट फिरवलं, ते तेलकट निघालं. "तेल पण फेकतोय. आज ना उद्या इंजिनात जाईल, मग दीड लाखाला बसेल." डोळ्यांदेखत दिसलं, पटलं. पण टर्बोचा शाफ्ट तेलाच्या थरावर तरंगत फिरतो, त्यामुळे इंजिन बंद असताना तो आडवा किंचित हलणारच. बघायचं असतं ते पुढे-मागे सरकतो का, आणि पंख्याची पाती आतल्या भिंतीला घासल्याच्या खुणा आहेत का. पाईपमधला तेलाचा पातळ ओलावाही बहुतेक डिझेल गाड्यांत असतो, कारण इंजिनाची वाफ त्याच वाटेने आत येते. चांगल्या टर्बोवरही हे दोन्ही प्रयोग असेच दिसले असते.

तिसऱ्या दिवशी गाडी मिळाली. मस्त ओढत होती. जुना टर्बो मागितला तर म्हणाला, "एक्स्चेंजमध्ये गेला, म्हणून तर ४२ मध्ये बसवला." बिल साध्या कागदावर, कारण "पक्कं बिल घेतलं तर जीएसटी लागेल." मी मान डोलावली. ही माझी सगळ्यात मोठी चूक.

सव्वा महिन्याने नवले पुलावरून कात्रजच्या नव्या बोगद्याकडे चढताना तोच दिवा, तोच धूर. गॅरेजवाला म्हणाला, "आता इंजेक्टर बघावे लागतील." तेव्हा मात्र मनात पाल चुकचुकली. ऑफिसमधल्या मित्राने नाना पेठेतल्या एका जुन्या मिस्त्रींकडे नेलं.

त्यांनी आधी काहीच उघडलं नाही. नुसती चावी फिरवली, इंजिन सुरू न करता, आणि स्कॅनरवर दाबाचा आकडा बघितला: ९५. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच, इथे हवेचा दाब ९५ किलोपास्कलच्या आसपासच असतो. म्हणजे सेन्सर खरं बोलतोय. मग मला गाडी चालवायला सांगून ते शेजारी स्कॅनर घेऊन बसले. कॉम्प्युटर मागतोय २१०, मिळतायत १४०. परत येऊन त्यांनी हवेच्या वाटेत धूर सोडला. दोन मिनिटांत इंटरकूलरच्या (टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) रबरी पाईपखालून पांढरी रेघ वर आली.

पाईप काढून त्यांनी माझ्या हातात दिला. खालच्या बाजूला, वाकणावर, बोटभर चीर. आणि त्या चिरेवर काळी चिकटपट्टी गुंडाळलेली, तेलाने सुटून लोंबणारी.

मी तो पाईप हातात धरून बराच वेळ उभा होतो. पट्टी कुणीतरी लावली होती. म्हणजे दोष कुठे आहे हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पट्टी गुंडाळली, कोड पुसला, आणि टर्बोचे पैसे घेतले.

मिस्त्री म्हणाले, "साहेब, हे पण बघा," आणि टॉर्च टर्बोवर धरली. बोल्ट गंजाने एकजीव झालेले, एकावरही पान्याचा ओरखडा नाही. नंबराच्या पट्टीवर कित्येक वर्षांचा मळ. "हा कुणी उघडलेलाच नाही." नवीन पाईप २,८०० रुपयांचा, मजुरी ७००. त्यानंतर दोनदा खंबाटकी चढलो, दिवा लागलेला नाही.

म्हणून सांगतो, टर्बो बदलायला होकार देण्याआधी गळती तपासायला लावा, तीही तुमच्यासमोर. टर्बोवरच्या नंबराचा फोटो कामाआधी आणि कामानंतर स्वतः काढा. जुना भाग परत देणार हे आधीच लिहून घ्या. चार पैसे वाचवायला कच्चं बिल घेऊ नका, नंतर हातात काहीच उरत नाही.

माझ्याकडे यूपीआयची नोंद, तो कागद, मिस्त्रींनी काढलेले फोटो आणि व्हॉट्सअॅपवरचं "टर्बो नवीन टाकलाय" हे वाक्य आहे. गॅरेजवाल्याने फोन उचलणं बंद केलं. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि नोटीस पाठवली आहे. उत्तर आलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. घटनेपासून दोन वर्षांपर्यंत तक्रार करता येते, आणि ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क लागत नाही. तो पाईप पट्टीसकट पिशवीत बांधून ठेवला आहे, सुनावणीला तोच घेऊन जाईन.