क्रिता की टूनझ? आठ महिन्यांच्या वापरानंतर

ब्रश किती मिळतात हे मोजून चित्रांचं सॉफ्टवेअर निवडू नका. काम शेवटी कुठे जाणार ते आधी ठरवा: मागावर, फ्लेक्सच्या मशीनवर की मोबाइलच्या पडद्यावर. सोलापुरात एकाच चित्रकाराकडे ही तिन्ही कामं येतात आणि तिन्हींच्या अडचणी एकमेकींशी जुळत नाहीत. म्हणून सगळ्याला पुरणारं एकच सॉफ्टवेअर शोधण्यात वेळ घालवण्यापेक्षा दोन-तीन हाताशी ठेवणं बरं.

हा अनुभव ज्या जोडीवरचा आहे ती अशी: १६ जीबी रॅम आणि एसएसडी असलेला, वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेला विंडोज लॅपटॉप, आणि स्क्रीन नसलेला मध्यम आकाराचा पेन टॅब्लेट. चित्रासाठी क्रिता ५.२, ॲनिमेशनसाठी ओपनटूनझ आणि त्यातूनच निघालेलं ताहोमा२डी, अक्षरांसाठी इंकस्केप. चारही फुकट आणि मुक्त स्रोत.

आधी पेन

क्रिताला नावं ठेवणाऱ्या निम्म्या तक्रारी खरं तर पेनच्या ड्रायव्हरच्या असतात. जुन्या टॅब्लेटचा ड्रायव्हर न काढता नव्याचा टाकला की दोन्ही भांडतात आणि दाब गायब होतो, रेघ सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच जाडीची येते. जुना काढा, यंत्र पुन्हा सुरू करा, मगच नवा टाका. त्यानंतर क्रितात सेटिंग्ज, कॉन्फिगर क्रिता, टॅब्लेट सेटिंग्ज इथे विनटॅब आणि विंडोज इंक असे दोन पर्याय दिसतील. ड्रायव्हरमध्ये विंडोज इंक चालू असेल तर इथेही तेच हवं, बंद असेल तर विनटॅब. एकीकडे एक आणि दुसरीकडे दुसरं असलं की दाब लागत नाही किंवा रेघ उशिरा उमटते.

दुसरी गोष्ट प्रमाणाची. बरेच टॅब्लेट १६:१० असतात आणि लॅपटॉपचा पडदा १६:९. ड्रायव्हरमध्ये प्रमाण कायम ठेवलं नाही तर हाताने काढलेलं वर्तुळ पडद्यावर लंबगोल दिसतं आणि दोष हाताला दिला जातो. टॅब्लेटचा वापरता भाग १६० मिमी रुंद असेल तर उंची ९० मिमीवर आणा. खालची पट्टी वाया जाते, जाऊ द्या.

मागासाठी नक्षी

इथे क्रिता सगळ्यात उजवं ठरलं. डब्ल्यू ही कळ दाबली की रॅपअराउंड मोड सुरू होतो: चित्र चारही बाजूंना पुन्हा पुन्हा दिसतं आणि एका कडेवरून बाहेर गेलेली रेघ समोरच्या कडेतून आत येते. चादरीची बुट्टी किंवा टॉवेलचा काठ सांध्याशिवाय जुळवायला याहून सोपं काही नाही. सुविधा साध्या, समोरासमोरच्या जोडणीचीच आहे. बुट्टी एकाआड एक अर्धी खाली सरकवायची असेल तर कॅनव्हास दुप्पट रुंद घ्या, दुसरी बुट्टी निम्म्या उंचीने खाली ठेवा आणि मग तोच मोड लावा. सांधा तपासायला इमेज मेनूतलं ऑफसेट इमेज वापरा. कडा मध्यभागी येतात आणि लपलेली चूक लगेच दिसते.

पण मागावर जाणारी फाइल म्हणजे चित्र नव्हे, तो ग्राफ असतो. एक पिक्सेल म्हणजे एक उभा धागा आणि एक पिक, म्हणजे आडवा धागा. समजा ४८० हुकांची (उभा धागा उचलतो तो हुक) नक्षीची एक आवृत्ती आहे, इंचाला ६० उभे धागे आणि ४० पिक. रुंदी ८ इंच झाली. उंचीही ८ इंच हवी असेल तर ओळी फक्त ३२०. म्हणजे कापडावर चौरस दिसणारी नक्षी फाइलमध्ये ४८० × ३२० असते आणि पडद्यावर चेपलेली दिसते. ती तशी पाहून कुणीतरी 'दुरुस्त' करून पाठवतं आणि मागावर बुट्टी लांबट निघते.

जमलेली पद्धत अशी: ४८० × ४८० वर काढा, मग स्केल इमेजमध्ये प्रमाणाचं कुलूप उघडून उंची ३२० करा आणि फिल्टर 'नियरेस्ट नेबर' निवडा. दुसरा कुठलाही फिल्टर रंग मिसळतो. या आकारात दर तीन ओळींतली एक गळते, म्हणून आडव्या रेघा पहिल्यापासून किमान दोन पिक्सेल जाड ठेवा. एक पिक्सेलची रेघ राहील की जाईल हे नशिबावर असतं. डिझायनरकडून हुक, धागे आणि पिक हे तिन्ही आकडे घेतल्याशिवाय कॅनव्हास उघडूच नका.

रंगांची गंमत वेगळीच. चार रंगांत काढलेली फाइल मागाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली की दोनशे रंग दाखवते. कारण मऊ कडेचा ब्रश प्रत्येक रेघेच्या बाजूला मधल्या छटा सोडतो. क्रितातले पिक्सेल आर्टचे ब्रश वापरा आणि फिल टूलमधलं अँटी-एलियासिंग (कडा मऊ करणं) बंद करा. शेवटी पॅलेटाइझ फिल्टरने ठरलेल्या रंगांवर आणा. क्रितात इंडेक्स्ड रंगपद्धत नाही, त्यामुळे शेवटचा टप्पा गिंप या दुसऱ्या चित्र-सॉफ्टवेअरमध्ये: इमेज, मोड, इंडेक्स्ड, स्वतःचं पॅलेट आणि डिदरिंग (ठिपक्यांनी रंग मिसळणं) शून्य. रंग खरंच चारच उरलेत का हे त्याआधी कलर्स, इन्फो, कलरक्यूब ॲनालिसिस इथे दिसतं. आणि एकाच रंगाचे मोठे सपाट भाग पडद्यावर कितीही देखणे वाटले तरी जपून वापरा. विणताना तिथे धागा लांबवर सुटा राहतो, त्याला बांधणी भरावी लागते आणि भरली की तो भाग तितका सपाट उरत नाही.

फ्लेक्स आणि अक्षरं

१० × ५ फुटांचा फलक ७२ डीपीआयवर घेतला तर ८६४० × ४३२० पिक्सेल होतात, म्हणजे पूर्ण रंगवलेला एक लेयर साधारण १५० एमबी. असे बारा लेयर झाले की १६ जीबी रॅमचा लॅपटॉप धापा टाकू लागतो. निम्म्या मापात रंगवा, लेयरचं वजन चौथाई होतं, आणि शेवटी मोठं करा. फलक वीस फुटांवरून वाचला जातो, कुणी भिंग घेऊन उभं राहत नाही. रंग आरजीबीत ठेवून मधूनमधून कंट्रोल-वाय दाबून सॉफ्ट प्रूफ, म्हणजे छापल्यावर रंग कसे दिसतील ते, पाहा. झगझगीत हिरवा छापताना बसतो आणि गडद निळा जांभळ्याकडे झुकतो, तो आधीच सावरता येतो.

मजकूर मात्र क्रितात टाकू नका. ५.२ पासून जोडाक्षरं नीट उमटतात, पण लांब मजकूर हलवणं-सावरणं कंटाळवाणं आहे. शिवाय छपाईच्या दुकानांत श्रीलिपी आणि कोरलची जोडी अजून पक्की आहे. तिथला मजकूर युनिकोड नसल्यामुळे कॉपी केला की अगम्य चिन्हं येतात. म्हणून मजकूर इंकस्केपमध्ये युनिकोडमध्ये टाइप करा, मुद्रितशोधन तिथेच उरका, मग पाथ मेनूतून ऑब्जेक्ट टू पाथ करून पीडीएफ द्या. पाथ केल्यावर वेलांटी दुरुस्त करता येत नाही, तेव्हा मूळ फाइल वेगळी ठेवा. फॉन्ट निवडताना ल आणि श तपासा: बऱ्याच देवनागरी फॉन्टांत आपोआप हिंदी वळण येतं. पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श हवा असेल (महाराष्ट्र शासनाच्या २०२२ च्या निर्णयातही तोच आहे) तर तिरो देवनागरी मराठीसारखा मराठीसाठीच केलेला फॉन्ट घ्या.

ॲनिमेशन: क्रिता कुठवर पुरतं

साधारण दहा सेकंदांपर्यंत. हा अंदाज नव्हे, रॅमचं गणित आहे. १९२० × १०८० ची एक पूर्ण फ्रेम ८ बिटमध्ये सुमारे ८.३ एमबी. सेकंदाला २४ फ्रेम आणि एक चित्र दोन फ्रेमसाठी धरलं तर सेकंदाला १२ चित्रं, दहा सेकंदांना १२०. पूर्ण रंगवलेला एक लेयर म्हणजे जवळपास १ जीबी. रेघांचा, रंगाचा, सावलीचा असे तीन वेगळे लेयर हलायला लागले आणि त्यात प्लेबॅकची कॅश (आधीच तयार ठेवलेल्या फ्रेम) आली की पुढचं सांगायला नको. १६ बिटमध्ये हेच आकडे दुप्पट होतात, तेव्हा ॲनिमेशनला ८ बिटच.

तरीही ताणायचं असेल तर कॉन्फिगर क्रितात परफॉर्मन्स, ॲनिमेशन कॅश इथे कॅश डिस्कवर ठेवा आणि फ्रेमच्या आकारावर मर्यादा घाला. प्लेबॅक किंचित धूसर दिसतो, अंतिम व्हिडिओवर परिणाम होत नाही. हार्ड डिस्क असेल तर हे करूनही फायदा नाही, एसएसडी हवीच.

व्हिडिओ काढताना हमखास येणारी चूक म्हणजे कॅनव्हासचं माप विषम असणं. १०८१ पिक्सेल उंची ठेवलीत की एच.२६४ चा व्हिडिओ निघत नाही आणि एफएफएमपेग (व्हिडिओ बांधणारं साधन) दोनने भाग जात नसल्याचं सांगून थांबतो. मापं सम ठेवा. ५.२ पासून विंडोजवर एफएफएमपेग सोबतच येतो, आधीसारखा वेगळा आणून जोडावा लागत नाही.

पारडं ज्यामुळे टूनझकडे झुकतं ती गोष्ट मात्र पुनरावृत्तीची. सिद्धेश्वर यात्रेतली सात नंदीध्वजांची मिरवणूक दाखवायची आहे असं समजा. पांढऱ्या बाराबंदीतला एक माणूस, दोन पावलांचं २४ फ्रेमचं चक्र, १२ चित्रं. क्रितात हे सात वेळा कॉपी करता येतं, पण बाराबंदीचा पांढरा आभाळात मिसळतोय म्हणून किंचित पिवळट करायचा ठरला तर चित्रामागून चित्र बदलत बसा. ओपनटूनझमध्ये टूनझ रास्टर किंवा व्हेक्टर लेव्हलला (चित्रांच्या संचाला) पॅलेट जोडलेलं असतं. पॅलेटमधला एक रंग बदलला की बाराही चित्रांत आणि सातही माणसांत बदलतो. तीच लेव्हल एक्सशीटमध्ये (फ्रेमच्या तक्त्यात) सात कॉलमांत टाकायची आणि प्रत्येक कॉलम मागेपुढे सरकवायचा: ०, ६, १४, ४, २०, १०, १६ फ्रेम. आकडे सम, कारण चित्र दोन-दोन फ्रेमचं आहे, आणि क्रम मुद्दाम मोडलेला, नाहीतर चालण्याऐवजी लाट जाताना दिसते. ध्वजाचा शेंडा कमरेच्या हालचालीच्या दोन ते चार फ्रेम मागून येऊ द्या. उंच काठीचं वजन त्यातूनच कळतं, रंगवून कळत नाही.

टूनझ शिकायला किमान तीन आठवडे द्या, आणि पहिला आठवडा चिडचिडीचा जाणार हे गृहीत धरा. सगळ्यात महागडी चूक सेव्ह करतानाची: सेव्ह सीन केल्याने फक्त मांडणी साठते, चित्रं नाही. नेहमी सेव्ह ऑल. सीनची फाइल म्हणजे दुवे असतात, त्यामुळे तेवढीच पेनड्राइव्हवर नेली तर दुसरीकडे रिकामे कॉलम उघडतात. प्रोजेक्टचं अख्खं फोल्डर न्या. फोल्डर आणि फाइलची नावं रोमन अक्षरांत, जागा न सोडता. देवनागरी नाव दिलं की निर्यातीत अडकण्याची शक्यता असते. रंग भरताना तो बाहेर सांडला तर रेघेत फट आहे, व्हेक्टर लेव्हलमध्ये ती टेप टूलने जोडा. नव्याने सुरुवात करणाऱ्याने थेट ताहोमा२डी घ्यावं, एफएफएमपेग त्यात जोडलेलाच मिळतो.

संवादाला ओठ जुळवायचे असतील तर ऱ्हुबार्ब नावाचं छोटं साधन ध्वनिफितीवरून तोंडाचे आकार ठरवतं. मूळ सहा, वाटल्यास आणखी तीन. त्याचा नेहमीचा पर्याय इंग्रजी ओळखतो, मराठीसाठी 'फोनेटिक' निवडा. तरी प, फ, ब, भ, म हे ओठ मिटणारे वर्ण हाताने तपासाच. तेवढे जागेवर बसले तर बाकीचं डोळा सांभाळून घेतो.

पैसे मोजायचे तर

क्लिप स्टुडिओच्या रेघेचा हात खरंच वेगळा आहे, कॉमिकसाठी घ्यावा. पण प्रो आवृत्तीत ॲनिमेशन २४ फ्रेमपुरतंच, सेकंदाला ८ धरले तर तीन सेकंद. स्टिकरला चालेल, त्यापुढे ईएक्स लागते. संगणकावर एकरकमी परवाना मिळतो, टॅब्लेट आणि फोनवर वर्गणी. प्रोक्रिएट सुंदर, पण आयपॅड असेल तरच, आणि कॅनव्हास वाढवला की लेयरची मर्यादा झपाट्याने खाली येते. ब्लेंडरचं ग्रीस पेन्सिल ताकदवान आहे, कॅमेरा चित्रात फिरवायचा असेल तर त्याला तोड नाही. वेगळ्या ग्राफिक्स कार्डाशिवाय मात्र त्याच्या वाटेला जाऊ नये.

वीज आणि ऊन

एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार गेला की लॅपटॉप स्वतःला वाचवायला वेग कमी करतो आणि रेघ पेनच्या मागे राहते. मोठे रेंडर पहाटे लावा. यंत्रमागाच्या परिसरात राहणाऱ्यांनी पंख्याची जाळी दर महिन्याला तपासावी, सुताचे तंतू तिथे नमद्यासारखे बसतात. घामाने हात टॅब्लेटला चिकटतो, त्याला दोन बोटांचा हातमोजा पुरतो. डेस्कटॉप असेल तर यूपीएसशिवाय बसू नका. क्रिताचा ऑटोसेव्ह पाच मिनिटांवर आणा, पण जड ॲनिमेशन फाइलमध्ये तो चालू झाला की पेन काही सेकंद थबकतो. तिथे वेळ पंधरा मिनिटांवर न्या आणि प्रत्येक टप्प्याला कंट्रोल-ऑल्ट-एस दाबा, पुढच्या क्रमांकाची नवी फाइल साठते आणि आधीची जशीच्या तशी राहते.