थंडीत उगवणारं बियाणं म्हणून १५,७४९ रुपयांना गंडवलं, टेरेसवर भाजी लावणाऱ्यांनी वाचाच

कोल्हापुरात ज्यांनी यंदा टेरेसवर नाहीतर परसात भाजी लावायचं ठरवलंय त्यांच्यासाठी लिहितोय. फेसबुकवर 'थंडीत उगवणारं स्पेशल बियाणं, कलमी टोमॅटो, संपूर्ण किट घरपोच' अशी जाहिरात फिरतेय, वर टेरेसभर टोमॅटो लगडलेला फोटो आहे. त्या माणसानं मला बुडवलंय. किटचे ४,९९९, वाहतुकीचे ८५०, कलमी रोपांचे २,४०० आणि छोट्या पॉलिहाऊसचा अ‍ॅडव्हान्स ७,५००, टोटल १५,७४९ रुपये गेले.

ऑनलाइन फसवणूक कशी होते ते आता शेंबड्या पोरालाही माहितीय, मलाही माहीत होतं. ओटीपी मी कुणाला देत नाही, लिंक उघडत नाही. पण इथं ओटीपी नव्हता की लिंक नव्हती, इथं माती होती, बी होतं, रोपं होती आणि पलीकडं आपल्यासारखंच बोलणारा माणूस होता.

आणि त्याला शेतीतलं कळत होतं हो! यंदा फेब्रुवारी सरत आला तरी पहाटेचा गारठा जात नव्हता, रंकाळ्यावर फिरायला जाणारे मफलर बांधून जात होते. मी पहिल्यांदा फोन केला तेव्हा तो स्वतः म्हणाला, "दादा, साधी भेंडी आत्ता टाकू नका, माती गार हाय, बी कुजून जाईल." हे शंभर टक्के खरंय. भेंडी, गवार, काकडी, दोडका ही उन्हाळी पिकं, मातीत ऊब लागते, वीसच्या खाली तापमान गेलं की भेंडी उगवायला रडवते. असं बरोबर सांगणाऱ्यावर विश्वास नाही ठेवायचा तर कुणावर ठेवायचा? मग तो म्हणाला आमचं बियाणं बारा डिग्रीला पण उगवतं, वेगळी ट्रीटमेंट आहे, आणि मी ४,९९९ पाठवले, वर वाहतूक.

किट आलं. कोकोपीटची, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुश्याची, पाच किलोची वीट सांगितली होती, आली हातात मावणारी छोटी, जी भिजवल्यावर एक बादली पण भरत नाही. गांडूळ खत म्हणून काळी माती. बियाण्याची पाकिटं चकचकीत, वर भेंडीचा फोटो, पण पाठीमागं लॉट नंबर नाही, चाचणीची तारीख नाही, उगवणीचा टक्का नाही. पाकीट घेताना पहिल्यांदा मागची बाजू बघा! कायदेशीर बियाण्यावर हे सगळं छापलेलं असतं, भेंडीची उगवण किमान ६५ टक्के आणि टोमॅटोची ७० टक्के धरलेली असते. आणि बियाणं विकायला परवाना लागतो, १९८३ चा बियाणे नियंत्रण आदेश त्यासाठीच आहे. परवाना नंबर मागा, दिला नाही तर फोन ठेवा.

बी टाकलं, काही उगवलं नाही. फोन केला तर म्हणतो, "दादा, थंडी बघताय न्हवं, जरा दम धरा." परत फोन केला, परत थंडी. बाहेर खरंच थंडी होती, त्यामुळं मला पटत होतं! ह्या माणसाचा सगळा धंदाच ह्या एका वाक्यावर उभा आहे. थंडी असेपर्यंत बी का उगवलं नाही हे कुणी विचारत नाही, आणि थंडी गेल्यावर विचारलं तर तोपर्यंत पैसे दुसऱ्या-तिसऱ्या खात्यात पोचलेले असतात. जो विक्रेता 'थंडीत उगवतं' म्हणून विकतो आणि मग 'थंडी आहे म्हणून उगवलं नाही' म्हणतो तो खोटाच, एवढं तरी धरून चला.

आमच्या आईनं गावाकडनं राखेत ठेवलेलं दोडक्याचं बी आणलं होतं. तिनं ते त्याच टेरेसवर, तशाच बॅगेत, तीच माती घालून टोचलं. वेळ लागला पण आलं वर. आई म्हणाली, "तुझ्या पाकिटातलं बी मेलेलं हाय." मी म्हटलं दोडका वेगळा, भेंडी वेगळी.

आता खरी गोष्ट सांगतो, कारण ही आठवली की अजून रात्री झोप लागत नाही. मधल्या काळात त्यानं कलमी टोमॅटो गळ्यात मारला. वांग्याच्या खुंटावर, म्हणजे मुळासकटच्या खालच्या देठावर, टोमॅटोचं कलम करतात, त्यानं मातीतनं येणारा मर रोग कमी होतो, ही पद्धत खरी आहे, मोठे शेतकरी वापरतात. माझी पावसाळ्यातली सगळी रोपं मर लागूनच गेली होती आणि हे मीच त्याला बोललो होतो. बारा रोपं, २०० ला एक, २,४०० रुपये. रोपं आली, प्रत्येकाच्या देठाला कलमाला लावतात तशी प्लास्टिकची क्लिप. मी एका रोपाची क्लिप काढली. खाली देठ सरळ गुळगुळीत. सांधा नाही, गाठ नाही, तिरका काप नाही, काही नाही. दुसऱ्याची काढली, तेच. साध्या टोमॅटोच्या रोपांना नुसत्या क्लिपा अडकवल्या होत्या!

फोन लावला. तो एक सेकंद पण अडखळला नाही. म्हणाला, "दादा, थंडीत कलम लवकर भरून येतं, म्हणून खूण ऱ्हात न्हाई."

तिथंच कळायला पाहिजे होतं. कलम भरायला ऊब लागते, पंचवीस-अठ्ठावीस डिग्री आणि दमट हवा, थंडीत ते उशिरा भरतं, लवकर नाही. आणि कितीही छान भरलं तरी सांध्याची खूण दिसतेच. मी शिरोली एमआयडीसीत क्वालिटीला काम करतो, रोज माल तपासून लॉट परत पाठवणारा माणूस आहे मी, हातात क्लिप होती, डोळ्यासमोर देठ होता. पण तोपर्यंत त्या माणसानं मातीबद्दल, मर रोगाबद्दल, थंडीबद्दल सांगितलेली प्रत्येक गोष्ट बरोबर निघाली होती, दहा खऱ्यांत एक खोटं घातलं की कुणालाही कळत नाही, तुम्हालाही कळलं नसतं. कलमी रोप घेणार असाल तर नर्सरीत जाऊन स्वतः क्लिप काढून बघा, ऑनलाइन घेऊच नका.

त्याच फोनवर तो म्हणाला रोपांना गारठा बाधतोय, वर पॉलिथिनचं छोटं घर करून देतो, पंधरा हजार, निम्मा अ‍ॅडव्हान्स. क्यूआर पाठवला. स्कॅन केल्यावर दुकानाचं नाव नाही, कुणा बाईचं नाव आलं. विचारलं तर म्हणे आमच्या अकाउंटंट मॅडम. स्कॅन केल्यावर जे नाव दिसतं ते बँकेतलं नाव असतं, ते आणि बिलावरचं नाव जुळत नसेल तर पैसे टाकू नका, समोरचा काय वाटेल ते सांगू दे. ७,५०० गेले आणि त्यानंतर फोन बंद, व्हॉट्सअ‍ॅपला ब्लॉक.

आणि आता तक्रारीचं ऐका. पोलीस ठाण्यात गेलो तर आधी बसवून ठेवलं, मग साहेब म्हणाले, "अहो बी उगवलं नाही ही काय फसवणूक झाली का, थंडी किती आहे." म्हणजे तिथं पण थंडी!! मी क्लिपा दाखवल्या, रोप दाखवलं, हवालदार हसले. मी म्हटलं चारशेवीस लावा, तर मला शिकवलं की ते आता राहिलं नाही, न्याय संहिता आली. मला माहितीय, कलम ३१८ आहे, १ जुलै २०२४ पासून, मग ते लावा की! नुसता अर्ज घेतला, पोच मागितली तर उद्या या. अर्ज देताना दोन प्रती न्या आणि पोचीचा शिक्का घेतल्याशिवाय खुर्चीवरनं उठू नका.

बँकेत गेलो. "पिन तुम्हीच टाकलाय ना?" हो, मीच टाकलाय, बंदूक लावून कुणी टाकून घेतला नाही, म्हणून काय ती चोरी नाही? शेतीच्या एका कार्यालयात गेलो तर सातबारा मागितला. टेरेसचा सातबारा कुठनं आणू? बियाण्याची तक्रार शेतकऱ्याची असते म्हणे, समिती प्लॉट बघायला येते, ग्रो बॅग बघायला येत नाही. म्हणजे एकरभर बी मेलं तर गुन्हा आणि टेरेसवर मेलं तर माझं नशीब. एका टेबलावरनं दुसऱ्या टेबलावर, दुसऱ्यावरनं 'साहेब मीटिंगला गेलेत'. आपल्या पगारातनं टॅक्स कापताना कुणी विचारत नाही की तुमच्याकडं सातबारा आहे का!

ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही, दोन वर्षांची मुदत आहे, ते मी करणार आहे. पण तिथं समोरच्याचा पत्ता लागतो आणि माझ्याकडं बंद मोबाईल नंबर सोडून काही नाही. त्यासाठी तुम्ही आधीच जीएसटी नंबर आणि पत्ता असलेलं पक्कं बिल मागून घ्या.

सगळ्यात महत्त्वाचं, पैसे गेल्याचं कळलं की लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा, तासाभरात केला तर पैसे पुढच्या खात्यात अडवता येतात. मी केला तेव्हा फार उशीर झाला होता, कारण तोवर मी ऊन पडायची वाट बघत बसलो होतो. आणि कुठलंही नवीन बी सगळं टाकू नका, वीस दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून घरात उबेला ठेवा, निम्मे पण फुटले नाहीत तर पाकीट परत करा, थंडीचं कारण ऐकूच नका.

काल तोच फोटो परत दिसला, तेच टोमॅटो, तीच टेरेस, नाव दुसरं आणि नंबर नवीन. आता 'कडक उन्हात टिकणारं स्पेशल बियाणं' म्हणून विकतोय. मी खाली कमेंट टाकली, पाच मिनिटांत डिलीट झाली. कुणी ह्या फोटोवर पैसे पाठवले असतील तर बिल, क्यूआर आणि चॅटचे स्क्रीनशॉट घेऊन मला मेसेज करा. चार-पाच जण एकत्र गेलो तर बघू पोलीस ठाण्यात काय सांगतात.