कप उलटा करायचा की वाचायचा?

‘त्सुम आन्डेंकन’ म्हणजे आठवण म्हणून, ‘डेम हाउसहेर्न’ म्हणजे घरधन्यास. असं काही सोनेरी अक्षरांत लिहिलेला जुना जर्मन कप हाती आला की त्याचं वय काढायला दोन वाटा: तळाचा शिक्का बघायचा, नाहीतर अक्षरं. मी दोन्ही वाटांनी गेलोय. सुरुवातीची काही वर्षं पक्का शिक्केवाला होतो.

शिक्क्याची बाजू लंगडी आहे असं मुळीच नाही. मायसन या नामांकित जर्मन चिनीमाती कारखान्याचा शिक्का म्हणजे दोन निळ्या तलवारी; त्यांवर आडवी चीर मारलेली असेल, तर तो कप दुय्यम प्रतीचा किंवा न रंगवता कोरा विकलेला, हे लगेच कळतं. बर्लिनच्या राजेशाही कारखान्याचा शिक्का राजदंडाचा; त्याच्या जोडीला लाल गोल असेल, तर रंगकाम कारखान्यातलंच आणि १८३२ नंतरचं. तळाला इंग्रजीत ‘जर्मनी’ असेल, तर साधारण १८९१ नंतरचा निर्यातीचा माल, कारण अमेरिकेच्या जकात कायद्याने देशाचं नाव घालणं भाग पडलं. पण शुभेच्छांचे हे कप मुख्यतः जर्मन घरांसाठीच बनत. त्यामुळे तो शब्द नाही म्हणून कप त्याआधीचा, असं धरलंत की फसलात.

मी फसलो ते मात्र ‘के.पी.एम.’ या तीन अक्षरांनी. बर्लिनच्या एका रविवारच्या जुन्या बाजारात विक्रेत्याने कप उलटा केला, त्या अक्षरांवर बोट ठेवलं आणि म्हणाला, “बर्लिन, १८४० च्या आसपासचा.” मी पुण्याचा असूनही घासाघीस न करता पैसे मोजले. घरी येऊन भिंग लावलं, तर गुलाबाच्या पाकळ्यांत वर्तमानपत्रातल्या फोटोसारखे ठिपकेच ठिपके. म्हणजे छापील चित्र कपावर उतरवलेलं. १८४० चा प्रश्नच मिटला. आणि ती तीन अक्षरं बर्लिनच्या राजेशाही कारखान्याचीच असतात असंही नाही. सायलेशियातल्या (आता पोलंडमध्ये) वाल्डेनबुर्ग गावच्या क्रिस्टर कारखान्याचीही आद्याक्षरं तीच.

बरं, शिक्का अस्सल निघाला तरी तो सांगणार कपाचं माहेर. कोरे कप घेऊन ते रंगवणारी मंडळी वेगळी असायची. वरची ओळ कुणी लिहिली, कधी लिहिली, याबद्दल शिक्का गप्प. आपण कप घेतो तो त्या ओळीसाठी, आणि नेमकं तिच्याबद्दलच काही कळत नाही, हे मला फार खटकलं.

तेव्हापासून मी आधी वाचतो. ‘आन्डेंकन’ या शब्दात ‘एन’ तीनदा येतो. हाताने लिहिलेला असेल तर तिन्ही सहसा जुळे नसतात. एखाद्याचा पाय जाड, एखाद्यात कुंचला कोरडा पडलेला. नख हलकेच फिरवलं तर रंग किंचित उठावदार लागतो. मग शुद्धलेखन. ‘थॉयरन मुटर’, म्हणजे प्रिय आईस, यात ‘टी’नंतर ‘एच’ असेल तर ते जुनं वळण. १९०१ च्या नियमांत तो ‘एच’ गेला. अर्थात सवयी लगेच सुटत नाहीत, तेव्हा दहाएक वर्षं इकडेतिकडे धरा. टोकदार गॉथिक अक्षरं दिसली म्हणून मात्र हुरळू नका; ती १९४१ पर्यंत सरकारमान्य होती.

महागडा मायसन घेणार असाल तर शिक्का जाणकाराला दाखवल्याशिवाय घेऊ नका, तिथे माझं ऐकू नका. पण वीस-तीस युरोंचे कप जमवायचे असतील, तर शिक्क्यांच्या जाडजूड पुस्तकाआधी जवाहिऱ्याचं दहापट भिंग घ्या, असं मला आपलं वाटतं. माझं पुस्तक कपाटावर आहे. त्या ‘१८४०’ वाल्या कपात बडीशेप असते.