नांगरलेल्या रानातली अश्मयुग-फेरी: शिकवणी उत्तम, हंगाम चुकलेला

इंदूरहून महेश्वरच्या बाजूला नांगरलेल्या शेतांतून अश्मयुगीन हत्यारांच्या खुणा शोधत हिंडवणारी ही एक दिवसाची फेरी शुल्काच्या मानाने समाधानकारक आहे, मात्र ती मुख्यतः मार्गदर्शकाच्या जोरावर उभी आहे. नर्मदेच्या पलीकडच्या नावडाटोली या प्राचीन वसाहतीचे उत्खनन पुरातत्त्वज्ञ हसमुख सांकलिया यांनी केले आणि तेथे गारगोटीसारख्या कॅल्सेडनी दगडाची पाती विपुल सापडली, एवढी पार्श्वभूमी सांगून मार्गदर्शकांनी भाषण आवरले आणि आम्हांला सरळ नांगराच्या तासांमध्ये उतरवले, हे मला फार आवडले.

खरा कस लागतो तो ओळखण्यात. माणसाने दगडावर घाव घालून पाडलेल्या छिलक्यावर, म्हणजे चपट्या तुकड्यावर, घाव बसलेल्या टोकाखाली गोलसर फुगवटा असतो आणि तेथून शिंपल्यावरच्या रेघांप्रमाणे तरंग पसरलेले दिसतात. उलट ट्रॅक्टरच्या फाळाने फुटलेल्या दगडाची कड ताजी, चकचकीत असते आणि तिच्यावर बहुधा लोखंडाचा तांबूस ओरखडा उमटलेला असतो. हा फरक त्यांनी प्रत्येकाच्या तळहातावर दगड ठेवून समजावला. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते आणि वरून नांगरही फिरतो, त्यामुळे वस्तू किती खोल मिळाली यावरून तिचा काळ ठरवता येत नाही, हे त्यांनी बजावून सांगितले. ठरावीक अंतरावर रांगेने चालायचे, सापडलेल्या जागीच मोजपट्टी ठेवून छायाचित्र घ्यायचे, जागेची नोंद करायची आणि वस्तू तेथेच सोडायची, असा नियम होता. काहींचा हिरमोड झाला, पण १९७२ च्या पुरावशेषविषयक कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी मानवनिर्मित वस्तू पुरावशेष ठरते, तेव्हा खिसे भरू देणाऱ्या फेरीला मी तरी गेलो नसतो. शेतमालकांची परवानगी आधीच घेतलेली होती, हेही नमूद केले पाहिजे.

तक्रार हंगामाची आहे. नांगरट नुकतीच झाली होती आणि पावसाचा थेंबही पडलेला नव्हता, त्यामुळे ढेकळे आणि दगड एकाच रंगाच्या धुळीने माखलेले होते. वळवाची एखादी सर येऊन गेली की दगड धुऊन निघतात आणि सकाळच्या तिरप्या उन्हात लांबूनच चमकतात. पेरणीपूर्वीचे ते मोजके दिवस साधायला हवे होते. आयोजक तारखा महिनाभर आधी ठरवतात आणि बदलत नाहीत. जेवण ठीकच होते. नोंदणी करण्यापूर्वी त्या भागात पाऊस झाला आहे का, हे विचारून घ्यावे, आणि लहान मुलांना नेऊ नये, कारण वाटेत सावली अजिबात नाही.