पिवळ्या रंगाचे बावन्न हजार

ज्यांच्याकडे जरा तेज गाडी आहे आणि जे मागच्या सस्पेन्शनचं काम करून घ्यायच्या विचारात आहेत, त्यांनी पैसे मोजण्याआधी हे वाचावं. गॅरेजचं नाव लिहीत नाही, कारण प्रकरण ग्राहक आयोगाकडे आहे. तसंही नावाने फारसं काही होणार नाही. ही पद्धत उद्या दुसऱ्या शटरखाली, दुसऱ्या पाटीने चालेल.

गाडी स्कोडाची ऑक्टाव्हिया व्हीआरएस, २०१७ ची. दोन लिटरचं टर्बो पेट्रोल, २३० पीएस, सगळी ताकद पुढच्या चाकांना. मी ती सेकंड हँड घेतली तेव्हा मीटर ८०,००० च्या वर गेला होता. पुढचे दोन शॉकर, म्हणजे शॉक ॲब्सॉर्बर, आधीच्या मालकाने बिलस्टाइन या जर्मन कंपनीचे बसवले होते, बिलासकट. मागचे मात्र कंपनीचेच होते आणि दमले होते. इंदूरजवळच्या भेरूघाटात वळणावर ब्रेक लावला की गाडीचा मागचा भाग तरंगल्यासारखा व्हायचा. मानपूरच्या उतारावर पुलाचा जोड लागला की एका झटक्याऐवजी तीन हेलकावे. पुढे कडक, मागे ढिले असं चालवणं धोक्याचंच, म्हणून मागचं काम काढलं.

या गाडीत मागे मल्टिलिंक आहे, म्हणजे प्रत्येक चाक अनेक दांड्यांनी (आर्मनी) धरलेलं. त्यात स्प्रिंग वेगळी, शॉकर वेगळा. स्प्रिंग खालच्या आर्मवर रबराच्या बैठकीत बसते, शॉकर तिच्या मागे स्वतंत्र उभा असतो. हे मुद्दाम सांगतोय, कारण सगळी चलाखी या दोन वेगळ्या तुकड्यांत दडलेली होती. ठरलं ते असं: पुढच्याला जुळणारे बिलस्टाइन बी-८ शॉकर, ५२,००० ला जोडी. सोबत कमी उंचीच्या दोन स्प्रिंग, बम्प स्टॉप (शॉकर पूर्ण दाबला जाऊ नये म्हणून त्याच्या दांड्यावर असलेलं रबर), डस्ट कव्हर, मजुरी आणि अलाइनमेंट. एकूण ८६,०००. निम्मे आधी, निम्मे गाडी घेताना.

गॅरेज दिसायला झकास. दोन लिफ्ट, भिंतीवर परदेशी कंपन्यांचे बॅनर, आणि मालकाच्या तोंडी सारखं पिथमपूर. आपल्याकडे तिथे नॅट्रॅक्स या वाहन चाचणी केंद्राचा ११.३ किलोमीटरचा हाय-स्पीड ट्रॅक २०२१ साली सुरू झाल्यापासून शहरातल्या प्रत्येक ट्यूनरचं ‘सेटअप’ तिथेच तपासलेलं असतं. याचंही होतं. तपासणीचा एखादा कागद, निदान एखादा आकडा मागितला की विषय पोह्यांवर जायचा. आणि समजा खरंच तिथे तपासलं असतं, तरी लांबच लांब, कलत्या वळणांच्या अंडाकृती ट्रॅकवर जमलेलं सेटअप खड्डे आणि स्पीडब्रेकरच्या खंडवा रोडवर कशाला उपयोगी पडणार होतं?

काम चालू असताना व्हॉट्सॲपवर व्हिडिओ आला. पिवळा-निळा खोका फोडला जातोय, आतून पिवळेधमक शॉकर निघताहेत, पाठीमागे माझ्यासारखीच पांढरी गाडी लिफ्टवर. संध्याकाळी गाडी घ्यायला गेलो तर चाकाच्या फटीतून पिवळा रंग दिसत होता आणि गाडी मागून बोटभर खाली बसली होती. जुने पार्ट मागितले. ‘भिया, वो तो कबाड़ी ले गया.’ अलाइनमेंटचा रंगीत प्रिंट हातात आला, सगळे आकडे हिरवे. उरलेले पैसे त्याच्या सांगण्यावरून कुणाच्या तरी खासगी यूपीआयवर गेले.

इथे खरी मेख आहे. गाडी बदललेली वाटली. ती खरंच बदलली होती! वळणावर कमी झुकत होती, स्टिअरिंग फिरवलं की मागचा भाग लगेच मागोमाग येत होता, खड्डा टणकन लागत होता. स्पोर्ट सस्पेन्शन कडक असतं हे सगळ्यांना ठाऊक, तेव्हा कडक लागलं म्हणजे माल चढला असं कुणालाही वाटेल. मित्रांना फिरवून आणलं, तेही खूश.

काही आठवड्यांनी मागून ठक-ठक ऐकू येऊ लागली. स्पीडब्रेकर तिरका घेतला की हमखास. मागच्या टायरच्या आतल्या कडा घासलेल्या दिसल्या. गॅरेजवाला म्हणाला, नवीन माल आहे, बसायला वेळ घेईल.

आमचे काका देवासला शॉकर बनवणाऱ्या कारखान्यात पंचवीसेक वर्षं तपासणी विभागात होते. निवृत्तीनंतर रामबागेत असतात, सकाळी फिरायला आणि दुपारी झोपायला. त्यांना सहज आवाज ऐकवला. ते गाडीत बसले, एक चक्कर मारली आणि म्हणाले, “अरे, ही बम्प स्टॉपवर चाललीये. शॉकर कुठला बसवलाय ते बघू आधी.”

ओळखीच्या दुसऱ्या वर्कशॉपमध्ये गाडी लिफ्टवर घेतली. चाकं मोकळी लोंबली तशी काकांनी उजवी स्प्रिंग हाताने धरून फिरवली. फिरली. तिथल्या मेकॅनिकने नुसतं तोंड वाकडं केलं. चाक पूर्ण खाली लोंबकळतं तेव्हाही स्प्रिंग बैठकीत दाबलेली राहिली पाहिजे. कमी उंचीची खरी स्प्रिंग तशीच घडवलेली असते, आणि बी-८ चा शॉकर आखूड असतो तोही याचसाठी, चाक फार खाली जाऊ नये म्हणून. मोकळी झालेली स्प्रिंग एखाद्या मोठ्या उडीत बैठकीतून सुटली तर मागचं चाक कुठे जाईल ते सांगता येत नाही. तिरक्या स्पीडब्रेकरवरची ठक-ठक हीच होती, दर वेळी स्प्रिंग उचलली जाऊन परत आपटत होती.

स्प्रिंग काढली. वरच्या टोकाला ग्राइंडरचा काप, त्यावर काळा रंग. कंपनीचीच स्प्रिंग, एक वेढा कापलेली. काकांनी तिथेच हिशोब सांगितला: काम करणाऱ्या पाच वेढ्यांतला एक कापला की स्प्रिंग साधारण २५ टक्के कडक होते, कारण तेवढीच तार कमी पिळायची असते. वर गाडी खाली बसल्यामुळे शॉकरच्या दांड्यावरचा बम्प स्टॉप लवकर लागतो आणि तो स्वतःच एक कडक स्प्रिंग बनतो. मला आणि माझ्या मित्रांना आवडलेला तो ‘स्पोर्ट’ फील म्हणजे ग्राइंडर आणि रबराचा तुकडा. त्याचा खर्च मोजायचा तर ग्राइंडरच्या डिस्कचे पैसे.

मग शॉकर. या गाडीत तो काढायला फार काही लागत नाही, वर दोन बोल्ट, खाली एक. काकांनी दांडा तळहाताने दाबला. गेला सरळ आत, आणि तिथेच बसून राहिला. बिलस्टाइनचा बी-८ मोनोट्यूब, म्हणजे एकाच नळीचा असतो, आत जबरदस्त दाबाने नायट्रोजन भरलेला. तो हाताने दाबायला अंगाचा भार घालावा लागतो, आणि सोडला की दांडा आपणहून पूर्ण बाहेर येतो. आमच्या हातात होती साधी ट्विन ट्यूब, म्हणजे नळीत नळी, तीही दम गेलेली. नळीवर थिनरचा बोळा फिरवला तसा पिवळा रंग कपड्यावर आला आणि खालून काळा रंग, त्यावर स्कोडा ज्यात येते त्या फोक्सवॅगन समूहाचा पार्ट नंबर. मधले तीन आकडे ५१३. त्या समूहाच्या नंबरांत पुढच्या शॉकरला ४१३ येतात, मागच्याला ५१३. थोडक्यात, कबाड्याने नेलेले माझे जुने शॉकर माझ्याच गाडीत होते. रंगवलेले.

अलाइनमेंटच्या प्रिंटची मौज मेकॅनिकने दाखवली. ‘आधी’ आणि ‘नंतर’ या दोन रकान्यांत मागच्या चाकांच्या कोनांचे आकडे अंशाच्या मिनिटापर्यंत सारखे. मल्टिलिंकमध्ये गाडी खाली बसली की मागचा कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा कल, उणेकडे (वरून आत) सरकतोच, टो, म्हणजे चाकाचं तोंड आत-बाहेर किती वळलंय ते, पण हलतो. तो जागेवर आणायला आर्मच्या आतल्या टोकांना एक्सेंट्रिक बोल्ट (फिरवले की आर्म सरकवणारे) दिलेले असतात. माझ्या गाडीच्या त्या बोल्टांवरचा गंज आणि चिखल अखंड होता. पाना लागलेलाच नव्हता. टायरच्या आतल्या कडा का खाल्ल्या, त्याचं उत्तर तिथेच मिळालं.

आणि तो व्हिडिओ? थांबवून मोठा करून बघितला तर खोक्यावरच्या लेबलचा नंबर वाचता येतो. कॅटलॉगमध्ये तो दुसऱ्याच गाडीच्या पुढच्या शॉकरचा निघाला. मागची पांढरी गाडी कुणाची ते देव जाणे.

गॅरेजमध्ये गेलो तेव्हा मालक चिडला नाही, हे सांगितलं पाहिजे. चहा मागवला. मग म्हणाला, ‘भिया, आपको फरक तो लगा ना?’ आधी मला तो उद्धटपणा वाटला. नंतर कळलं की त्याचा सगळा धंदाच या एका वाक्यावर उभा आहे. इंजिनची ताकद वाढवतो म्हणणाऱ्याला निदान डायनोवर, म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, गाडी चढवून दाखवावी लागते. सस्पेन्शनचं माप घेतो गिऱ्हाइकाचा पार्श्वभाग, आणि तो ८६,००० मोजून आलेला असतो. बोनेट पकडून दाबून बघणं वगैरे प्रकारही इथे निकामी. त्याने फार तर पूर्ण मेलेला शॉकर कळतो, चांगला कुठला आणि बरा कुठला हे नाही.

तेव्हा चालवून ठरवू नका, लोखंड बघा. शॉकर गाडीला लागण्याआधी स्वतःच्या हाताने दाबून बघा. त्यावरचा नंबर खोक्याशी आणि खोक्याचा नंबर आपल्या गाडीच्या कॅटलॉगशी ताडा. जुने चारही तुकडे डिकीत घातल्याशिवाय दुसरा हप्ता देऊ नका. भंगाराचे शे-दोनशे त्याला खुशाल द्या, पण माल आधी तुमच्या डिकीत. आणि काम संपल्यावर गाडी पुन्हा लिफ्टवर घ्यायला लावा, चाकं लोंबली की स्प्रिंग फिरते का ते बघा. जमिनीवरच्या गाडीत हे कधीच दिसणार नाही. आर्मचे बोल्ट शेवटचे आवळताना मात्र गाडी चाकांवर उभी हवी, नाहीतर सांध्यातले रबरी बुश पिळलेले राहतात आणि लवकर फाटतात. खरं काम करणारा हे न सांगता करतो. त्याला नुसतं विचारून बघा, उत्तरावरून माणूस कळतो.

बिलाकडे मी उशिरा बघितलं, पण तिथेही सापडण्यासारखं बरंच होतं. एकच ओळ, ‘सस्पेन्शन वर्क’, कोड ९९८७. हा दुरुस्तीच्या सेवेचा कोड. शॉकरसारखा माल विकला तर ८७०८ ने सुरू होणारा कोड आणि पार्टची वेगळी ओळ यायला हवी होती. म्हणजे त्याच्या स्वतःच्या बिलाप्रमाणे त्याने मला कुठलाही पार्ट विकलेलाच नाही. जीएसटी नंबर २३ ने सुरू होत होता, मध्य प्रदेशचाच, पोर्टलवर नाव मात्र भलत्याच फर्मचं.

आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, काही हललं नाही. मग वकिलामार्फत नोटीस. त्यावर तोंडी निरोप आला की गाडीत बदल करणं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसतं, प्रकरण वाढवलंत तर तुमचीच गाडी अडकेल. बरेच जण इथे गप्प बसतात आणि गॅरेजवाल्यांना ते माहीत असतं. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये सांगितलंय की कंपनीच्या मूळ तपशिलाशी आणि नोंदणीशी विसंगत बदल चालणार नाहीत, हे खरंच आहे, आणि त्याचा विचार काम काढण्याआधीच करावा. पण ५२,००० घेऊन जुना शॉकर रंगवून देणाऱ्याचा हिशोब त्याने मिटत नाही. आमच्या वकीलबाई तर निरोप ऐकून हसल्याच.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, मुदत दोन वर्षांची, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. अर्ज केला. गॅरेजचं लेखी उत्तर असं की माल खरा बसवला होता, ग्राहकाने नंतर दुसरीकडे काढून विकला असावा. हे अपेक्षित होतं. दुसऱ्या वर्कशॉपचं जॉबकार्ड, त्यावर लिहिलेली स्थिती, मीटरच्या आकड्यासह काढलेले फोटो आणि न हललेल्या बोल्टांचे फोटो आम्ही जोडले आहेत. वकीलबाईंनी त्यांच्याकडून एकच कागद मागितलाय: ते शॉकर तुम्ही ज्याच्याकडून घेतले त्याचं खरेदीचं बिल. ते अजून आलेलं नाही.