ली व्हॅन क्लीफचे इटालियन वेस्टर्न : काही महिने घरी पाहिल्यावर

ली व्हॅन क्लीफ या अमेरिकन अभिनेत्याचे इटालियन वेस्टर्न (इटालियन दिग्दर्शकांचे काउबॉयपट) ब्ल्यू-रेवर जमवले, त्याला आता बरेच महिने झाले. बहुतेक सिनेमे पुन्हा पुन्हा पाहून झालेत, म्हणून सविस्तर लिहितोय.

१९५२च्या 'हाय नून'मध्ये पडद्यावर सगळ्यात आधी दिसतो तोच, पण अख्ख्या सिनेमात त्याला एक वाक्य नाही. पुढे हॉलिवूडने त्याला गुंडांच्या टोळीतच ठेवलं. मोटार अपघातात गुडघ्याला जबर मार बसला, कामं आटली आणि तो चित्रं काढून पोट भरू लागला. १९६५मध्ये इटालियन दिग्दर्शक सर्जिओ लिओनेने 'फॉर अ फ्यू डॉलर्स मोअर'मधला कर्नल मॉर्टिमर त्याला दिला, तेव्हा त्याने चाळिशी गाठली होती. सलूनमध्ये (दारूच्या गुत्त्यात) गुंड झालेल्या क्लाउस किन्स्कीच्या पाठीवर तो काडी ओढतो, तो प्रसंग नीट बघा. समोरचा रागाने थरथरतोय आणि याची पापणीही हलत नाही. या शांतपणासाठी हॉलिवूडने त्याला कधी वेळच दिला नव्हता, तो इटलीने दिला.

डिस्क घेताना आवाजाकडे लक्ष द्या. हे सिनेमे नंतर डब व्हायचे, त्यामुळे ओठ आणि शब्द पुढेमागे होतात. ती डिस्कची खराबी नव्हे. इंग्रजी ट्रॅकवर त्याचा स्वतःचा खर्जातला आवाज मिळतो, इटालियनमध्ये बहुतेकदा डबिंग कलाकार एमिलिओ चिगोलीचा. मी इंग्रजीच लावतो. एका डिस्कवर मात्र इटालियन ट्रॅकखाली इंग्रजी डबिंगचेच संवाद सबटायटल म्हणून टाकलेत, त्यामुळे अर्थाचा पार विचका होतो.

लांबीही तपासा. दिग्दर्शक सर्जिओ सोलिमाचा 'द बिग गनडाउन' (१९६६) अमेरिकेत बराच कापून दाखवला होता. त्यात व्हॅन क्लीफ गुन्हेगारांचा माग काढणारा कॉर्बेट झालाय. लांब इटालियन आवृत्तीत कॉर्बेटचा स्वतःच्या कामावरचा विश्वास हळूहळू ढासळतो. कापलेल्यात तो एकदम बदलल्यासारखा वाटतो. 'डे ऑफ अँगर'चंही (१९६७) तेच. गुरु व्हॅन क्लीफ आणि शिष्य जुलियानो जेम्मा यांचं नातं लांब आवृत्तीतच मुरतं.

'साबाता' (१९६९) करमणुकीचा, त्याहून फार काही नाही. 'द गुड, द बॅड अँड द अग्ली'च्या अखेरच्या तिघांच्या लढतीत पिस्तुलाकडे सरकणाऱ्या व्हॅन क्लीफच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं टोक नाही, हे मोठ्या पडद्यावर स्वच्छ दिसतं.

एकच डिस्क घ्यायची तर 'द बिग गनडाउन' घ्या, पण लांब आवृत्ती आहे ना, हे पाकिटावर वाचून मगच पैसे द्या.