औषध घातलेल्या क्वारंटाईन टँकमध्ये एपीआयचा अमोनिया किट

माशांच्या साध्या टँकमधला विषारी अमोनिया मोजायला एपीआय कंपनीचा हा दोन बाटल्यांचा किट डोळे झाकून घ्यावा. ५ मिली पाणी, पहिल्या बाटलीचे ८ थेंब, दुसरीचे ८, झाकण लावून ५ सेकंद जोरात हलवायचं, ५ मिनिटं थांबायचं. पिवळा म्हणजे शून्य. हिरवा गडद होत जाईल तसा आकडा ८ पीपीएमपर्यंत (दशलक्षात ८ भाग) चढतो. अमोनिया मोजायच्या दोन पद्धतींपैकी हा किट सॅलिसिलेट पद्धतीचा आहे. दुसऱ्या, नेसलर द्रावणाच्या किटमध्ये फॉर्मालिन (फॉर्मल्डिहाइडचं द्रावण, माशांचं औषध) पडलेल्या पाण्यात अमोनिया नसतानाही आकडा वर दिसतो, म्हणून क्वारंटाईनसाठी (आजारी किंवा नवे मासे वेगळे ठेवायच्या टँकसाठी) हाच बरा.

पण औषध पडलं की हाही फसवतो. मिथिलीन ब्लू या निळ्या औषधाचंच बघा: पाणी निळं, शून्याचा रंग पिवळा, आणि निळ्यात पिवळा मिसळला की हिरवा! नळी पांढऱ्या कार्डासमोर धरली की अमोनियाचा कण नसताना ०.५ किंवा १ वाचलं जातं. अमाइनशी (अमोनियासारख्या संयुगाशी) बांधलेल्या तांब्याच्या औषधांत (क्युप्रामिन त्यातलंच) पाणी नितळ दिसतं, तरी अमाइनमुळे खोटा आकडा येऊ शकतो.

यावर उपाय एकच, आणि तो टाळू नका. १ लिटर ताज्या, क्लोरीन काढलेल्या पाण्यात टँकच्याच प्रमाणात औषध घाला. अर्ध्या तासाने त्याची आणि टँकच्या पाण्याची चाचणी एकाच वेळी लावा आणि दोन्ही नळ्या शेजारी धरा. मासे नसलेल्या पाण्यातही तोच रंग आला तर तो औषधाचा. त्या नळीपेक्षा टँकची नळी जितकी जास्त हिरवी, तितका अमोनिया खरा. काळाचाही अंदाज घ्या: खोटा आकडा डोस दिल्याबरोबर येतो आणि तिथेच थांबतो, खरा रोज वाढतो. मिथिलीन ब्लू आणि काही अँटिबायोटिक फिल्टरमधले जिवाणू मारतात, त्यामुळे खरा अमोनियाही याच दिवसांत चढतो. म्हणूनच ही तुलना हवी.

फॉर्मालिनच्या बाबतीत मात्र तुलनेवरही भिस्त ठेवू नका. फॉर्मल्डिहाइड अमोनियाशी जोडलं जाऊन हेक्सामीन बनतं, त्यामुळे कमी आलेला आकडा दिलासा देणारा नसतो. तिथे ठरल्या वेळी पाणी बदलणंच सुरक्षित.

खोट्या आकड्याची किंमत माशाला मोजावी लागते. घाबरून अर्धं पाणी बदललं की तांबं निम्म्यावर येतं आणि परजीवी वाचतात. अमोनिया बांधणारं क्लोरीनमारक घालणं त्याहून वाईट: त्यातलं क्षपणकारक रसायन तांब्याला जास्त विषारी रूपात नेऊ शकतं, शिवाय हा किट एकूण अमोनिया मोजत असल्याने बांधलेलाही दाखवत राहतो. पाणी बदलायचंच असेल तर नव्या पाण्यात आधी तांब्याचा पूर्ण डोस मिसळा, तांब्याच्या किटने मोजा आणि मगच ओता.